दिगूकाका, तुमचं मत विरोधात का?

वाचकहो, एखादं मंडळ, एखादा गट तुम्ही कधी फक्त 'मजा येत नाही' एवढ्याच कारणावरून सोडला आहे का? वेळ जमत नाही, तब्येत साथ देत नाही, पोरांच्या परीक्षा आल्या, ही कारणं मला नकोत. ती सगळेच देतात. नुसतं 'मजा येत नाही' म्हणून उठलात का कधी? आणि उठला नसाल, तर कोणाची भीती होती?

हा प्रश्न मुळात माझा नाही. आमच्या दिगूकाकांचा आहे. आमच्या हौशी वाद्यवृंदात ते बेंजो वाजवायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून ढोलकी वाजवायचे. गेल्या आठवड्यात एका सकाळी काका ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले आणि आमचं एक भांडण अर्ध्यात राहिलं. भांडण अर्ध्यात सोडणं मला जमत नाही. तेव्हा वाचकहो, इथून पुढं तुम्ही फक्त ऐका. मला काकांशी बोलायचं आहे.

काका, आधी एक बातमी देते, तुम्हाला आवडेल. तुम्हाला घरातून नेलं तेव्हा सगळी गल्ली जमली होती आणि कोणाच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मागून येणाऱ्या लोकांसाठी आपल्या वृंदातल्या शकीलभाईंनी त्यांचा एमआयडीसीतला टेम्पो आणला होता. त्यांनी किल्ली फिरवली आणि हॉर्न अडकला. अडकला तो अडकलाच. आपल्या अख्ख्या मस्तगड वस्तीत एकच सूर, न थांबणारा. शकीलभाई घामाघूम. बॉनेट उघडताहेत, वायर ओढताहेत, तोंडानं 'या अल्ला, या अल्ला'. लोक एकमेकांकडे बघेनात, कारण बघितलं असतं तर हसू आलं असतं. शेवटी दारातून सुशीलाकाकूच म्हणाल्या, "वाजू द्या हो. त्यांना तरी कुठं गप बसायची सवय होती."

तर तुम्ही वाजतगाजत गेलात. हॉर्नची पट्टी पेटीवरच्या पांढरी चारच्या आसपास होती. मला तेव्हाही तुम्हाला विचारायचं होतं, बराबर ओळखली का मी? आणि विचारायला शेजारी कोणी नव्हतं.

आता भांडण. पण त्याआधी ते कुठून सुरू झालं ते सांगायला हवं, कारण तुमची सवय मला माहीत आहे. मी मुद्द्यावर आले की तुम्ही म्हणणार, "पत्रक, पहिल्यापासून सांग. मधूनच धरलं की सूर लागत न्हाई."

'पत्रक' हे नाव तुम्हीच ठेवलेलं. आमच्या पप्पांचा छोटा छापखाना. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं मनासाठी, असा त्यांचा हिशोब. पाण्याचं आंदोलन, शाळेची फी, गिरणीतल्या कामगारांच्या सुरक्षेच्या मागण्या, सगळं आमच्या घरात आधी ओल्या शाईत यायचं आणि मग गावात जायचं. बिघडलेल्या कागदांवर मी वाचायला शिकले. मी अक्षरं जोडून वाचलेला पहिला शब्द 'निषेध' होता, असं पप्पा सांगतात. तुम्ही हे ऐकलं तेव्हा इतके हसलात की चहा नाकातून आला. "लोकांची लेकरं कमळ वाचून राह्यली, हिनं निषेध वाचला. ए सुशीला, हिला साखर जास्त दे, हिला गोडाची गरज हाय."

आणि तुम्ही? तुम्ही बियाण्याच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागलात आणि बेंजोकडे वळलात ते त्याची बटणं टाइपरायटरसारखी दिसतात म्हणून. संगीताकडे वळायचं याहून वाईट कारण मी ऐकलेलं नाही. "डाव्या हातानं पत्र टाइप करायचं, उजव्या हातानं तार छेडायची. तेवढंच. बाकी देवाच्या हातात." तुम्ही खरंच तसेच वाजवायचात. ओळ संपली की डावा हात एकदम पलीकडे सरकायचा, जणू तिथं टाइपरायटरची पट्टी ढकलायची आहे.

सुरुवातीला तुमच्या गच्चीवर आपण चौघंच होतो. तुम्ही, मी, गायला शकीलभाई आणि कीबोर्डवर अविनाश सर, ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे. कोणाचं बारसं, कोणाची हळद, जयंतीला गल्लीतला मंच. बोलावलं की जायचं, जेवू घातलं की जेवायचं. भीमगीत झालं की लावणी, लावणी झाली की जुनं हिंदी गाणं, मध्ये कोणाच्या आजीची फर्माईश. आपण चांगले वाजवत नव्हतो, काका. हे आता खरंखुरं लिहून टाकते. पण लोक खुर्च्या पुढं ओढायचे.

मग तो पट्टीचा वाद झाला. शकीलभाईंना गाणं वरच्या पट्टीत हवं होतं, तुम्ही म्हणत होता, बेंजोच्या तारा आज लावल्यात तिथंच राहू द्या, पुन्हा लावायला अर्धी संध्याकाळ जाईल. दोघंही हट्टी. तेव्हा मी म्हणाले, मतदान घेऊ. हुकूमशाही नको, कोणाची दादागिरी नको. सगळ्यांना ते इतकं आवडलं! अविनाश सरांनी तर टाळी वाजवली. आणि तुम्ही दोन्ही हात वर केलेत.

"काका, एका माणसाला एक मत."

"अगं पण मी दोन हातानं वाजवतो ना. शकील एका गळ्यानं गातो."

"हात कितीही असू देत. माणूस एक."

"मंग मी बेंजोचं मत देतो. त्याला कोण इचारणार? दुर्बळ घटक हाय तो."

त्या दिवशी मतदान ही गोष्टच इतकी गमतीची होती की गाणं राहून गेलं. पट्टीचा निकाल काय लागला तेही मला आठवत नाही.

लोकशाहीबद्दल माझं मत आजही तेच आहे, काका. एक अक्षरही मागे घेत नाही. ज्या घरात एकच माणूस बोलतो ते घर मला नको आणि ज्या मंडळात एकच माणूस ठरवतो ते मंडळही नको. पण आपल्याला बोलावणी वाढली, चाराचे अकरा झाले आणि अकरा माणसांनी ठरवलं की आता सगळं नीट लिहून काढू. अविनाश सर अध्यक्ष झाले. घटना तयार झाली. आधी मत पट्टीवर होतं, मग गाण्याच्या निवडीवर आलं, मग क्रमावर, मग कोणी कुठं बसायचं यावर. कोणाचीही वाईट बुद्धी नव्हती. अविनाश सरांनी कधी कोणाचं बोलणं तोडलं नाही. उलट ते इतके न्यायी होते की प्रत्येकाला दोनदा बोलायला द्यायचे.

आणि शेवटी आपण लयीवर मतदान घेतलं.

हे आपल्याशिवाय जगात कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक गाण्याआधी तीन पर्याय: जल्दी, बराबर, हळू. हात वर. ज्याला जल्दी हवं त्याला भीती की हळूवाले रुसतील, हळूवाल्याला भीती की आपण म्हातारे दिसू. सगळे मधला हात वर करायचे. दर वेळी 'बराबर' निवडून यायचं. पाळणा बराबर, लावणी बराबर, भीमगीत बराबर, वरातीचं गाणंसुद्धा बराबर. कोणावर अन्याय झाला नाही. आणि कोणाचा पायही हलला नाही.

तालमीच्या आधी सभा, सभेच्या आधी मागच्या सभेचं वाचन. तुम्ही माझ्या कानाशी बोलायचात तेवढाच विरंगुळा. "पत्रक, आता खोकायचंय. ठराव मांडू का?" अविनाश सर चष्म्यावरून बघायचे. मी ओठ चावायचे. एकदा नवीन आलेल्या तबलजीनं 'मुद्द्याच्या अनुषंगाने' असा शब्द वापरला तेव्हा तुम्ही बेंजोवर एकच तार टुंग वाजवलीत. त्यावर तुम्हाला समज देण्यात आली. ती समज तुम्ही उभं राहून, हात जोडून स्वीकारलीत आणि बसताना पुन्हा टुंग केलंत.

मग आष्टीचा कार्यक्रम. तुमचं गाव. शाळेचं स्नेहसंमेलन, पटांगणभर पोरं आणि त्यांच्या आया, मागे बाजारातून आलेली माणसं पिशव्या घेऊन उभी. सकाळपासून तुम्ही नवरदेवासारखे. भेटेल त्याला सांगत होता, "ही आपली ढोलकी. नीट ऐका, बाई हाय, पण हात बघा."

"काका, 'पण' कशाला?"

"चुकलं. बाई हाय आणि हात बघा."

शेवटचं गाणं सुरू झालं. ठरावानुसार बराबर. दुसऱ्या कडव्यात पुढची पोरं नाचायला उठली. त्यांना ठराव माहीत नव्हता. त्यांचे पाय जल्दी पडायला लागले आणि काका, ढोलकी मांडीवर असते. समोर पाय तसे पडत असताना बोटं आवरणं मला जमणं शक्यच नव्हतं. मी सुटले. शकीलभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, "चल बेटी" म्हणाले आणि तेही सुटले. अविनाश सरांचा कीबोर्ड मात्र बहुमताशी इमान राखून बराबरच चालला आणि त्यांच्यामागे बाकीचे. एकाच मंचावर एकच गाणं दोन गावांना निघालं. तुम्ही मध्ये. तुम्ही आधी इकडे यायचा प्रयत्न केलात, मग तिकडे, मग हसू इतकं अनावर झालं की हातातली तार छेडायची नखी निसटून थेट मंचाखाली गेली. आम्ही गाणं संपवलं, टाळ्या झाल्या. मग अविनाश सरांनी संपवलं, पुन्हा टाळ्या झाल्या. आष्टीचे लोक मोठ्या मनाचे. त्यांना वाटलं, असंच बसवलंय.

परतताना गाडीत फक्त आपण दोघं हसत होतो. बाकीचे खिडकीबाहेर बघत होते. मला वर्षभरात पहिल्यांदा वाजवल्यासारखं वाटलं होतं.

आणि पुढच्या रविवारी चौकशी समिती नेमली गेली.

मी त्याच्या पुढच्या सभेत राजीनामा दिला. आता राजीनामा म्हणजे नुसतं जाणं नव्हतं. आपल्या घटनेत कलम होतं की मंडळाच्या संमतीशिवाय कोणी जायचं नाही. लग्नसराईत बासरीवाला अचानक पुण्याला निघून गेला होता, तेव्हा आपण ते घातलं, सर्वानुमते. तुमचाही हात वर होता. एकच. मी उभी राहिले आणि बोलले. आतापर्यंतच्या माझ्या चांगल्या भाषणांपैकी ते एक होतं. कला आणि बहुमत यांच्या कक्षा. कलावंताच्या ऐनवेळच्या निर्णयाचा अधिकार. श्रोत्यांचं प्रतिनिधित्व. चौकशी समितीच्या रचनेतील त्रुटी. शकीलभाई मान डोलावत होते. मला वाटतं त्यांना एक शब्द कळला नव्हता, पण चाल आवडली होती.

मग तुम्ही हात वर केलात. "अध्यक्ष महाराज, मला एकच इचारायचंय. प्रज्ञा, तुला मजा येऊन राह्यली का न्हाई?"

तुम्ही मला सभेत नावानं हाक मारली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी म्हणाले, "तो मुद्दाच नाही, काका."

"मंग कोणता हाय?"

"मुद्दा तत्त्वाचा आहे."

"तत्त्व राहू दे. मजा येते का?"

"मी इथं मजा करायला आलेली नाही!"

"मंग माझं मत विरोधात," म्हणालात आणि बसलात. मतदान झालं. माझा राजीनामा एका मतानं फेटाळला गेला. कोणाचं एक मत ते सांगायला नको.

त्या दिवशी स्कूटीवर मागे बसून, मांडीवर बेंजोची पेटी घेऊन, तुम्ही मला म्हणालात, "चिडली का?"

"मी नियम मानते. फेटाळला ना, राहीन."

"चिडली."

"तुम्हाला माहीत होतं मला काय वाटतं. सगळ्यांत जास्त तुम्हाला माहीत होतं. तरी विरोधात?"

"तू सांगितलं न्हाईस ना. तू कलम सांगितलंस, कक्षा सांगितली. मजा येत न्हाई म्हणली असतीस तर मी दोन्ही हात वर केले असते."

"मजा येत नाही हे कारण नसतं काका! उद्या गिरणीतला कामगार म्हणेल मजा येत नाही. पत्रकं छापताना माझ्या पप्पांना मजा येत असेल असं वाटतं तुम्हाला?"

"लई येते. तुझ्या बापाला मी बघितलंय छापताना. शीळ घालतो."

मी स्कूटी थांबवली आणि तुम्हाला चौकात उतरवलं. घर अजून दोन गल्ल्या होतं. तुम्ही पेटी खांद्याला लावून, चप्पल वाजवत चालत गेलात आणि वळणावर हात हलवलात, जणू मी तुम्हाला पोचवायला आले होते.

त्यानंतरचे रविवार मी नेमानं आले. राजीनामा फेटाळलेल्या सभासदासारखी ताठ बसले. तुम्ही शेजारी, तुमची टुंग चालू. मी हसायचं नाही असं ठरवलेलं आणि तुम्ही मला हसवायचं ठरवलेलं. त्यात तुम्ही जिंकत होता, हे कबूल. पण तो प्रश्न मी पुन्हा काढला नाही आणि तुम्हीही नाही. मला वाटलं, एक दिवस शांतपणे, मुद्देसूद, बसवून पटवून देईन की माणसानं गोष्टी तत्त्वासाठी धराव्यात आणि तत्त्वासाठीच सोडाव्यात. माझी तयारी झाली होती. उदाहरणंही होती. आणि तुम्ही सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेलात.

काल तुमची शोकसभा झाली, तुमच्याच गच्चीवर. काकूच म्हणाल्या, "दुसरीकडं कशाला? गच्ची रिकामी ठेवू नका." तुमच्या जागेवर कोणी बसलं नाही. अविनाश सरांनी शोकप्रस्ताव मांडला. तो त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून आणला होता, काका, त्यांच्याबद्दल कधी वाकडं बोलायचं नाही. मग ते म्हणाले, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. त्यावर तबलजी म्हणाला, आपल्याकडे मागच्या वेळी एक मिनिट पाळलं होतं, पायंडा एका मिनिटाचा आहे. कोणी तरी म्हणालं, काका संस्थापक होते, दोन पाहिजेत. तिसऱ्यानं दुरुस्ती सुचवली, दीड.

शकीलभाई म्हणाले, "अरे यार, मय्यत में भी मतदान?"

आणि अविनाश सर, सवयीनं, बिलकुल सवयीनं म्हणाले, "ठीक आहे. एक मिनिटवाले हात वर करा."

हात वर गेले. खरंच गेले. कोणाला वाईट करायचं नव्हतं. मग दोनवाल्यांचे. मग दीडवाल्यांचे. दीड निवडून आलं, काका. तुम्हाला 'बराबर' मिळालं.

आम्ही उभे राहिलो. माझ्या उजव्या हाताला रिकामी जागा. आणि त्या रिकाम्या जागेतून मला स्वच्छ ऐकू आलं असतं ते 'टुंग', तुम्ही असतात तर. ते ऐकू न आल्यानंच मला हसू फुटलं. दाबलं तर नाकातून आलं. तिकडे शकीलभाईंच्या खांद्यांची थरथर सुरू झाली. मला वाटलं रडताहेत, तर ते तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मग मी रडायला लागले. दीड मिनिटात मी दोन्ही उरकलं.

बसल्यावर मी म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मी चालले."

"चहा घेऊन जा," सर म्हणाले.

"तसं नाही. मंडळ सोडून चालले."

"प्रज्ञा, आज नको. आणि त्याला ठराव लागतो. कारणासह."

"कारण सांगते. मला मजा येत नाही. मागचं वर्षभर येत नव्हती. जेवढी येत होती ती शेजारच्या खुर्चीत होती. दुसरं कारण नाही. कला नाही, बहुमत नाही, समितीची रचना नाही. मजा येत नाही."

 खालून प्रेशर कुकरची शिट्टी झाली. मग अविनाश सरांनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी हळू, अध्यक्षाच्या आवाजात नाही, म्हणाले, "आम्हाला तरी कुठं येते गं?"

"मग तुम्हीही सोडा ना, सर!"

"अध्यक्ष कसा सोडेल?" ते म्हणाले. मला वाटलं चेष्टा करताहेत. करत नव्हते.

तबलजी म्हणाला, "तरी पण ठराव मांडावा लागेल."

"मांडा. तोवर मी घरी पोचते."

मी ढोलकी खांद्याला लावली आणि जिना उतरले.  आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः मान्य केलेला नियम मोडत होते आणि तोही कोणत्या महान कारणासाठी? मजेसाठी. पप्पांना काय सांगू, हा विचार तिसऱ्या पायरीवर आला. (सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि शीळ घालत आत गेले. तुमचं खरं होतं.)

खाली स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. गच्चीवरचं सगळं खाली ऐकू जातं, हे आपल्याला कधी सुचलंच नव्हतं. म्हणजे इतके दिवस सगळे ठराव काकूंच्या साक्षीनं झाले.

"गेलीस का शेवटी?" काकू म्हणाल्या.

"गेले. काकू, मला एक सांगा. त्या दिवशी काकांनी माझ्या विरोधात मत का दिलं? मला खरं कारण बोलायला लावायचं होतं म्हणून ना? मी आपल्या मनानं जावं, परवानगी मागून नाही, म्हणून?"

तुमच्या जाण्यानंतर त्या पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण हसल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"कसलं परवानगी अन् कसलं काय, बाई. घरी आल्ते तेव्हा चप्पल काढता काढता म्हणले, आज मी पोरीला अडकवून आलो. मी म्हणलं का हो? तर म्हणले, ती गेली की माझ्या शेजारी तो तबलेवाला येऊन बसंल, अन् मला मरेपर्यंत 'अनुषंगाने' ऐकावं लागंल."

काका!

सात-आठ आठवडे मी त्या एका मतावर विचार केला. त्यात अर्थ शोधले. तुम्ही मला शहाणपण शिकवत आहात असं समजून मी आतल्या आत तुमच्याशी वाद घालत होते, आणि तुम्ही आपली शेजारची खुर्ची राखत होता. सरळ सरळ स्वार्थ! मी याचा तीव्र निषेध करते. आणि काका, कोणी माझ्यासाठी केलेला यापेक्षा चांगला स्वार्थ मला माहीत नाही.

मी पण त्याच खुर्चीसाठी येत होते. नियमासाठी नाही. हे मला काल जिन्याखाली कळलं, काकूंच्या हातचा चहा घेताना.

मग मी तुम्हाला आधी का सांगितलं नाही की मी सोडणार आहे? त्याचं कारण सांगते, तुम्ही पोट धरून हसाल. मला वाटलं, सभेआधी एकाच सभासदाला सांगणं म्हणजे गटबाजी होते. मताची आधीच जुळवाजुळव. सगळ्यांना एकाच वेळी, समान कळलं पाहिजे. असं मी खरोखर समजत होते. माझ्या शेजाऱ्याचा ते कळण्याचा जेवढा हक्क, तेवढाच अकराव्या माणसाचा! समतेचा एवढा काटेकोर अर्थ पप्पांच्या एकाही पत्रकात नव्हता. तो मी स्वतः काढला.

सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. चौकातल्या टपरीवर चहा घेताना मी म्हणाले असते, काका, मजा येत नाही. तुम्ही म्हणाला असता, मला तरी कुठं येते, चल सोडू. आणि आपण दोघंही सुटलो असतो. तुमच्या गच्चीवर, सभा नसलेल्या एखाद्या वारी, एक बेंजो आणि एक ढोलकी, लय पायाला वाटेल ती. किती रविवार मिळाले असते, मोजत नाही. ते आपले होते आणि आपण ते हात वर करण्यात घालवले, याचा मला राग आहे. तुमच्यावर थोडा, घटनेवर थोडा. पण तो राग रडका नाही. त्या रविवारांमध्येही तुमची टुंग होतीच.

आपला वाद मात्र मिटलेला नाही. मी अजून म्हणते, धरून ठेवायला तत्त्व लागतं. कामगारांच्या मागण्यांसाठी मजा येवो न येवो लढायचं असतं आणि मी लढणार आहे. पण गच्चीवरचं गाणं म्हणजे मागणी नव्हे, हे तुमचं म्हणणं मी आज मान्य करते. तेवढंच. पुढचं नंतर भांडू, असं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून माझ्या बाजूनं इथं थांबते. तुम्ही माझ्याशी खेळलात, मला हसवलंत, मला 'बाई हाय आणि हात बघा' म्हणून तुमच्या गावाला दाखवलंत. यासाठी तुमचे आभार मी तुम्ही असताना मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, "अनुषंगाने बोल."

आता वाचकहो, पुन्हा तुमच्याकडे वळते. आमच्या घरातल्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक आवाहन असायचं, माझंही आहे आणि ते लहान आहे. तुमचं भजनी मंडळ असेल, क्रिकेटची टीम असेल, नाटकाचा ग्रुप असेल, महिला मंडळ असेल, आणि तुम्ही ते सोडायच्या बेतात असाल, तर जरूर सोडा. पण सभेला सांगण्याआधी, अध्यक्षाला सांगण्याआधी, ज्याच्या शेजारी तुम्ही रोज बसता त्या माणसाला सांगा. ही गटबाजी होत नाही, मी खात्री करून घेतली आहे. या आठवड्यात त्याला चहाला न्या, 'मला मजा येत नाही' एवढं म्हणा, आणि मग तो काय म्हणतो ते ऐकून घ्या.